तोल्किनचा दोर कुणी कापायचा

सुनेनं काठोकाठ भरलेला चहाचा प्याला पुढे ठेवला, तेव्हाच सेइतकाली मास्तरांना कळलं की घरात लढाई सुरू झाली आहे.

माळरानावरच्या तासबुलाक गावात चहा देताना प्याल्यात दोन-तीन घोटच ओततात. पिणाऱ्यानं ते प्यायचे, प्याला परत द्यायचा, पुन्हा दोन घोट घ्यायचे. प्याला जितक्या वेळा फिरेल तितका माणसाचा मान. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे ‘एवढा प्या आणि उठा.’ तो नको असलेल्या पाहुण्याला देतात. मास्तर मात्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या उशीला टेकून, स्वतः आणलेल्या साखरेसमोर बसले होते. मोल्दिर तोंडानं काहीच म्हणाली नव्हती. सासऱ्यांपुढे आवाज चढवायची तिथल्या सुनांची रीत नाही. तिचं जे काही म्हणणं असे ते सासूबाईंमार्फत येई, नाहीतर किटलीमार्फत.

‘‘चहा छान झालाय,’’ मास्तर म्हणाले आणि बोटं पोळून घेतली.

‘‘मला दोनच घोट मिळालेत,’’ त्यांची बायको काम्शात म्हणाली. ‘‘म्हणजे माझं काही चुकलेलं नाही.’’

चुकलं होतं ते मास्तरांचं, आणि निमित्त होती नात, तोल्किन. सव्वा वर्षाची ही पोरगी सोफा धरून चालत होती, भिंत धरून चालत होती, मास्तरांच्या पँटला धरूनही चालत होती. हात सोडला की मात्र आजूबाजूला एकदा नीट पाहून खाली बसत होती. अशा वयात पोराचा दोर कापतात. बाळाच्या दोन्ही घोट्यांना मिळून काळ्या-पांढऱ्या धाग्यांचा पीळ दिलेला दोर सैल बांधायचा, कुणीतरी तो कापायचा, मग दोघींनी बाळाचे हात धरून त्याला पांढऱ्या कापडावरून चालवायचं आणि बाकीच्यांनी वरून गोळ्या-चॉकलेटं उधळायची. यात कापड कुठलं, गोळ्या कुठल्या याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते दोर कोण कापतो याला. पोर चालीला त्याच्यावर जातं.

मास्तरांच्या इमारतीत हा मान बात्तिमा आपांचा. त्या बेकरीत कामाला होत्या, चार बायकांचं काम एकट्या करत आणि चौघींचं बोलणंही. जिन्यातल्या सगळ्या पोरांचे दोर त्यांनीच कापले होते. ती पोरं धावत शाळेत जात, आणि तोंडालाही त्यांच्यावरच गेलेली असल्यामुळे पुष्कळदा तासातून हाकलली जाऊन धावतच परत येत. तोल्किनचा दोर आपाच कापणार हे गृहीत होतं. त्यांनी त्यासाठी नवी कात्रीही घेऊन ठेवली होती.

आणि अशात मास्तरांनी रेडिओ ऐकला.

वर अंतराळात सहा महिने राहिलेले तीन जण जुलैत परत यायचे होते, आणि त्यांत एक बाई होती. तमारा इग्नात्येव्ना झोरिना. तासबुलाकच्या लोकांना आकाशातून माणसं उतरण्याचं नवल नव्हतं. गावाबाहेरच्या माळरानावर मोठी हवाई छत्री उघडते, एक काळवंडलेला गोळा धूळ उडवत टेकतो, हेलिकॉप्टरं जाऊन माणसं उचलून आणतात आणि गावच्या धावपट्टीवर त्यांना स्वागताचं पाव-मीठ देऊन, झगा-टोपी चढवून पुढच्या विमानात बसवतात. पण मास्तर आयुष्यभर गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि एक गोष्ट त्यांना सलत होती. या गावात आकाशातून माणसं येतात. या गावातून आकाशात मात्र कुणी जात नाही. मुक्तिवेग किती, हे इथल्या प्रत्येक पोरानं फळ्यावर लिहिलं होतं आणि लिहून खाणीत नोकरीला लागलं होतं.

‘‘तोल्किनचा दोर झोरिनाबाई कापतील,’’ मास्तरांनी जेवताना जाहीर केलं.

मुलगा नुरझान तांब्याच्या खाणीत इंजिनियर होता. घरात असा काही विषय निघाला की तो जमिनीखाली जाई. तो लगेच शिफ्टला निघाला. मोल्दिरनं किटली उचलली.

रात्रीची भांडी झाल्यावर काम्शातनं निरोप आणला.

‘‘सविस्तर सांगू की थोडक्यात?’’

‘‘थोडक्यात.’’

‘‘ती म्हणते, नाही.’’

‘‘मग सविस्तर सांग.’’

‘‘ती म्हणते, दोर ज्यानं कापला त्याच्यावर पोर जातं. त्या बाईनं कापला तर माझी मुलगी वर जाईल. वर गेलेले सगळेच खाली आलेत असं नाही. मला माझी मुलगी खाली हवी. रोज. जेवायच्या वेळेला.’’

‘‘हे विज्ञानाला धरून नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दोर कापण्याचा आणि पुढच्या आयुष्याचा काडीचाही संबंध नाही.’’

‘‘संबंध नाही ना? मग बात्तिमाला कापू दे.’’

काही प्रश्न परीक्षेत येणार नाहीत असं धरूनच मास्तर लोक शिकवत असतात.

अखेर तह झाला. मोल्दिर त्या दिवशी सोबत येईल, त्या बाईला स्वतः पाहील आणि तिथंच काय ते ठरवील. तिच्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. मास्तरांनी शब्द दिला. चहा तरीही काठोकाठच येत राहिला.

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी इमारतीपुढच्या बाकावर सभा भरली.

‘‘मास्तर, मला काही वाटलेलं नाही,’’ बात्तिमा आपा म्हणाल्या. यावरून त्यांना किती वाटलं आहे ते कळलं. ‘‘पण मला एक सांगा. ती बाई सहा महिने चालली आहे का?’’

‘‘वर चालायचं कारण नसतं. तिथं माणूस तरंगतो.’’

‘‘म्हणजे नाही. आणि खाली आल्यावर चालते?’’

‘‘लगेच नाही. पायांचे स्नायू थोडे... खुर्चीवरून नेतात.’’

‘‘ऐकलंत?’’ आपा सगळ्यांकडे वळल्या. ‘‘जिला स्वतःला उचलून न्यावं लागतं तिच्याकडून हे पोरीला चालायला लावणार! उद्या पोरगी खुर्चीत बसून म्हणेल, उचला मला.’’

तळमजल्यावरचे तोख्तार म्हणजे गुरांचे निवृत्त डॉक्टर. ते प्रत्येक विषयाचा विचार घोड्यांच्या बाजूनं करीत. ‘‘शिंगरू बघा,’’ ते म्हणाले, ‘‘जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं. त्याला कुणी दोर बांधत नाही.’’

‘‘मग काय करायचं म्हणता?’’

‘‘काही नाही. मी शिंगराचं सांगितलं.’’

‘‘पण तोख्तार, ती बाई तरंगत असते,’’ आपा म्हणाल्या. ‘‘समजा पोरगी तरंगायला लागली?’’

यावर सगळे खरोखरच विचारात पडले. मास्तर उठून घरी आले. ज्या गावाला आपण गुरुत्वाकर्षण शिकवलं त्या गावाचा हा निकाल बसून ऐकणं त्यांच्यानं होईना.

स्वागत समितीचा कारभार साबिरझानकडे होता. हा मास्तरांचाच विद्यार्थी. नववीत न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर मास्तरांनी त्याला नापास केलं होतं. त्यानं मास्तरांना बसायला खुर्ची दिली, बिस्किटं मागवली आणि फार प्रेमानं ऐकून घेतलं.

‘‘सर, कार्यक्रम असा आहे. आधी पाव-मीठ. मग झगा, टोपी. मग एक गाणं. मग विमान. यात मूल नाही.’’

‘‘झगा आणि गाणं यांच्या मध्ये घाल. एवढासा वेळ लागेल.’’

‘‘घालू की. पण त्यांच्या जवळ येणाऱ्या प्रत्येक जीवाचं आरोग्य-प्रमाणपत्र लागतं. सहा महिने त्यांच्या अंगाला बाहेरचा जंतू माहीत नसतो. बाळाचं, तुमचं, आईचं. आणि धारदार वस्तूसाठी वेगळी परवानगी. आणि दोराचं निर्जंतुकीकरण.’’ त्यानं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. ‘‘तुम्हीच शिकवलंत ना सर? प्रत्येक क्रियेला तितकीच आणि विरुद्ध प्रतिक्रिया.’’

‘‘तेव्हा आलं नव्हतं तुला.’’

‘‘नोकरीला लागल्यावर आलं.’’

पुढचे पंधरा-वीस दिवस मास्तरांनी आयुष्यात लावल्या नव्हत्या तेवढ्या रांगा लावल्या. त्यांच्या नाकात काडी घातली, घशात काडी घातली. तोल्किनच्या नाकात काडी घातली तेव्हा तिनं डॉक्टरांचा चष्मा काढून घेतला आणि तो ती दुसऱ्या दिवसापर्यंत देईना. कात्रीचं वर्णन द्यावं लागलं. ‘पात्यांची टोके : बोथट. हेतू : सांस्कृतिक.’ आणि दोर निर्जंतुकीकरणाला गेला.

दोर काळा-पांढरा असतो तो उगाच नव्हे. काळं कुठलं आणि पांढरं कुठलं हे माणसाला पहिल्या पावलापासून ओळखता यावं, आणि दुसऱ्याच्या वाटणीचं त्यानं ओलांडू नये, असा त्यामागे अर्थ आहे. काम्शातनं दुखऱ्या कमरेनं बसून तो मन लावून वळला होता. आरोग्य खात्यानं तो सोडा घालून उकळला. परत आला तेव्हा काळं पांढऱ्यात उतरलं होतं आणि पांढरं काळ्यात, आणि सगळा दोर एकसारखा राखाडी झाला होता. सोबत शिक्का मारलेला कागद होता : ‘वापरास योग्य.’

‘‘सरकारी खात्यातून जाऊन आला की असंच होणार,’’ काम्शात म्हणाली.

जिन्यात बात्तिमा आपांनी तो दोर दोन बोटांत धरून पाहिला, काही न बोलता परत दिला आणि निघून गेल्या. आपा काही न बोलता गेल्या हे जिन्यात पहिल्यांदाच घडत होतं.

उतरण्याचा दिवस शुक्रवार ठरला होता. मोल्दिर औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं शुक्रवारची रजा काढली. आणि गुरुवारी सकाळी साबिरझानचा फोन आला.

‘‘सर, उद्या माळावर वादळाचा अंदाज आहे. ते आजच उतरताहेत. दुपारी धावपट्टीवर या.’’

मास्तरांनी औषधाच्या दुकानात फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. गुरुवारी तिथं पेन्शनरांना औषधं वाटतात. सगळं म्हातारं तासबुलाक काउंटरवर वाकलेलं असतं.

‘‘तिला शब्द दिलाय तुम्ही,’’ काम्शात म्हणाली.

‘‘दोराला हात लावणार नाही असा दिलाय. मी फक्त पोरीला घेऊन तिथं जाऊन उभा राहतो. तू फोन करत राहा. ती येईपर्यंत मी दोर खिशातून काढणारसुद्धा नाही.’’

काम्शात नवऱ्याकडे पाहत राहिली. या माणसानं निवृत्त झाल्यापासून एकदाही इतक्या भरभर बूट घातले नव्हते. तिनं पांढरा टेबलक्लॉथ घडी करून त्यांच्या हातात दिला.

फाटकावरचा पहारेकरी कोवळा आणि कर्तव्यदक्ष होता. मास्तरांनी एका हातावर तोल्किन आणि दुसऱ्या हातात कागदांची चळत धरली होती. त्यानं एकेक कागद वाचला. नाकाचा, घशाचा, कात्रीचा, दोराचा.

‘‘सगळं बरोबर आहे. उद्या या.’’

‘‘उद्या?’’

‘‘पास उद्याचा आहे. शुक्रवार.’’

‘‘अरे, ती बाई आज उतरली आहे!’’

‘‘ते त्यांचं. तुमचा पास उद्याचा आहे. आणि उद्याची कात्री आज आत नेता येणार नाही. आजच्या हिशेबानं ती विनापरवाना आहे.’’

कात्री त्याच्या टेबलावर गेली. टेबलक्लॉथ तपासायला म्हणून त्यानं उलगडला आणि माळावरच्या वाऱ्यानं तो त्याच्या हातातून उचलला. तो फुगला, तारेच्या कुंपणावरून पलीकडे गेला आणि धावपट्टीवरून हेलिकॉप्टरांच्या दिशेनं ऐटीत निघाला. दोन शिपाई त्याच्यामागे धावले. कुठेतरी शिट्टी वाजली. पहारेकऱ्यानं मास्तरांना नातीसकट आपल्या चौकीत बसवलं आणि ‘हलायचं नाही’ म्हणून सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांना बाकावर उभं करणाऱ्या मास्तरांवर ही पाळी पहिल्यांदाच आली होती. तोल्किननं त्यांचा एक कागद तोंडात घातला. मास्तरांनी तो काढून घेतला नाही. तो निदान कुणाच्या तरी उपयोगी पडत होता.

चौकीच्या काचेतून धावपट्टी दिसत होती. तीन आरामखुर्च्या, त्यांत ब्लँकेटं गुंडाळलेली तीन माणसं. मधल्या खुर्चीत, फिकट चेहऱ्याची, केस विस्कटलेली, ती. समोर झगा घेतलेल्या मुली, साबिरझान, डॉक्टर मंडळी आणि हातात मोठा गोल पाव घेऊन कोण, तर बात्तिमा आपा! स्वागताचा पाव बेकरीतून येतो आणि पावाच्या पासाला तारीख नसते.

तेवढ्यात एक टॅक्सी करकचून थांबली आणि मोल्दिर उतरली. दुकानातून ती तशीच निघाली होती. अंगात पांढरा कोट, पायांत घरात घालायच्या सपाता. पहारेकऱ्यानं तिला पाहिलं, पांढरा कोट पाहिला आणि सलाम ठोकून फाटक सताड उघडलं.

‘‘लवकर जा डॉक्टर, मधल्या खुर्चीकडे!’’

‘‘माझी मुलगी...’’ मोल्दिर म्हणाली.

‘‘हो हो, सगळे आतच आहेत!’’

आणि ती सुटली. मास्तरांनी आतून काच ठोकली. ‘‘मोल्दिर! सूनबाई! इकडे!’’ पण वारा होता, हेलिकॉप्टरचं इंजिन होतं, आणि मोल्दिरला थांबवू शकेल असं त्या क्षणी काही नव्हतं. झगेवाल्या मुली बाजूला झाल्या. साबिरझान बाजूला झाला. ती थेट मधल्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली आणि आजूबाजूला तोल्किनला शोधू लागली. खुर्चीतल्या बाईनं पांढरा कोट पाहून निमूटपणे आपला हात पुढे केला. मोल्दिर क्षणभर गोंधळली. मग सवयीनं तिनं ते मनगट धरलं आणि नाडी पाहू लागली.

पुढे काय झालं ते मास्तरांना नुसतं दिसलं. मोल्दिर काहीतरी बोलली. बाईनं मान वर केली. मोल्दिर बरंच काही बोलली. सासऱ्यांपुढे सहा महिन्यांत बोलली नसेल एवढं. ‘माझ्या तक्रारी सांगते आहे,’ मास्तरांच्या मनात आलं. ‘आकाशातून आलेल्या बाईला माझं घर कळलं.’ बाई हसली. मग ती बोलू लागली आणि मोल्दिर खुर्चीपाशी उकिडवी बसून ऐकू लागली. नाडी मोजून कधीच झाली असणार. हात मात्र तिनं सोडला नव्हता.

थोड्या वेळानं साबिरझान धापा टाकत चौकीत आला.

‘‘सर, तुमच्याकडे त्या डॉक्टरीणबाईंची मुलगी आहे का? कॉस्मोनॉटबाई म्हणतात, मुलगी आणा, नाहीतर मी झगा घालणार नाही.’’

‘‘यांचा पास उद्याचा आहे,’’ पहारेकरी म्हणाला.

‘‘मग उद्या तपास!’’

‘‘आणि कात्री?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘कात्री उद्याची आहे,’’ पहारेकरी ठामपणे म्हणाला आणि तिच्यावर हात ठेवून बसला.

मास्तर खुर्चीपाशी पोचले तेव्हा त्यांच्यापाशी कात्री नव्हती, कापड नव्हतं आणि भाषण होतं तेही आठवत नव्हतं. मोल्दिरनं तोल्किनला त्यांच्याकडून घेतलं. तिनं सासऱ्यांकडे एक नजर टाकली. ती नजर अगदी काठोकाठ भरलेली होती.

‘‘शब्द मोडला नाही मी,’’ मास्तर पुटपुटले. ‘‘दोर खिशातच आहे.’’

‘‘राहू द्या खिशात, बाबा,’’ ती म्हणाली.

मग मोल्दिर बात्तिमा आपांकडे वळली. ‘‘आपा, मघाशी म्हणालात ना, तो काढा.’’

बात्तिमा आपांनी पाव साबिरझानच्या हातात कोंबला आणि ॲप्रनच्या खिशातून एक दोर काढला. नवा, लांब, घट्ट पिळाचा, काळा तो काळा आणि पांढरा तो पांढरा. ‘‘तो राखाडी बांधला असता तर मी तोंड कुठे लपवलं असतं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘या पोरीचा दोर मी कापणार नसेन, पण वळलेला तरी नीट असू दे.’’

मोल्दिरनं काँक्रीटवर गुडघे टेकून तो आपल्या हातानं लेकीच्या घोट्यांना बांधला. मास्तर बघतच राहिले. वीस दिवस दोन्ही बाजूंनी चाललेली लढाई दोन सैल गाठींत संपली होती.

आता प्रश्न कापायचा. डॉक्टरांकडे कात्री होती, पण ती जखमांसाठी होती आणि डॉक्टर म्हणाले, इथं जखम कुठे आहे? शेवटी बचावपथकातला एक आडदांड माणूस पुढे आला. त्याच्या पट्ट्याला आकड्यासारखा चाकू होता. हवाई छत्रीच्या दोऱ्या अडकल्या तर त्या कापायचा. त्यानं तो झोरिनाबाईंच्या हातात दिला. ब्लँकेटातून दोन्ही हात काढून त्या वाकल्या. दोर एका झटक्यात कापला गेला.

आणि मग त्यांनी चाकू हवेत ठेवला.

म्हणजे टेबलावर ठेवावा तसा अलगद, शेजारच्या हवेत, आणि बोटं सोडली. चाकू खणकन मास्तरांच्या बुटापाशी पडला.

‘‘अगं बाई! माफ करा हं,’’ त्या ओशाळल्या. ‘‘वर सवय लागते. सोडलेली वस्तू तिथंच राहते.’’

मास्तरांनी वाकून चाकू उचलला, पण त्यांना तो नीट दिसेना. सोडलेली वस्तू खाली पडते, हे त्यांनी हजारदा खडू टाकून दाखवलं होतं. हे विसरून गेलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. डोळे पुसायला त्यांना दोराच्या निर्जंतुकीकरणाचा कागद सापडला.

एका बाजूला मोल्दिर, दुसऱ्या बाजूला बात्तिमा आपा. तोल्किन दोघींचे हात धरून निघाली. मध्येच मोल्दिरनं आपला हात सोडवून घेतला. आपांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांनीही सोडला. तोल्किन थांबली. नेहमीप्रमाणे तिनं आजूबाजूला नीट पाहिलं, आता ती बसणार असं सगळ्यांना वाटलं, आणि ती खुर्चीच्या दिशेनं चालू लागली. झोकांड्या खात, पोट पुढे काढून, पण चालत. तिनं खुर्चीतल्या बाईचं ब्लँकेट दोन्ही मुठींत पकडलं तेव्हा आपांनी खिशातल्या गोळ्या अशा जोरानं उधळल्या की एक साबिरझानच्या कपाळावर बसली. प्रतिक्रिया द्यायला त्याचे हात रिकामे नव्हते, पाव होता.

पोरीला उचलून घ्यावं म्हणून झोरिनाबाई उठायला गेल्या. पाय थरथरले आणि त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

‘‘बघा, मी म्हणत नव्हते?’’ बात्तिमा आपा म्हणाल्या. पण त्यांचा आवाज वेगळाच लागला. त्यांनी उरलेला दोर उचलला. ‘‘थांब गं बाई. तुझा दोर कापायचा राहिलाय.’’

‘‘हे कार्यक्रमात नाही,’’ साबिरझान म्हणाला.

‘‘पाव धर नीट.’’

आपांनी खाली बसून झोरिनाबाईंच्या घोट्यांना दोर बांधला. डॉक्टर काही बोलायला आले आणि आपांचा चेहरा पाहून परत गेले.

‘‘कुणी कापायचा असतो?’’ बाईंनी विचारलं.

‘‘जिच्यासारखं चालायचंय, तिनं.’’ आपांनी बाह्या सरसावल्याच होत्या.

बाईंनी आपांकडे पाहिलं, मग मोल्दिरकडे. ‘‘मग हिनं. मघाशी ही ज्या वेगानं फाटकातून आली ना, आमचा गोळासुद्धा इतक्या वेगानं आला नव्हता.’’

मोल्दिरनं सासऱ्यांच्या हातातून चाकू घेतला आणि दोर कापला. मग तिनं त्या बाईला काखेत हात घालून उभं केलं. दोघी विमानाच्या जिन्यापर्यंत चालत गेल्या. मोल्दिरच्या सपाता पुढे, बाईंचे जाड बूट मागे. तोल्किन त्यांच्यामागून आपली आपण निघाली, आणि कापलेल्या दोराचे तुकडे गोळा करत मास्तर तिच्यामागून.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या पुढ्यात प्याला आला तो निम्मा भरलेला. ना दोन घोट, ना काठोकाठ. मास्तरांनी पुष्कळ विचार केला, पण निम्म्या प्याल्याला रीतीभातींत काही अर्थ नव्हता.

‘‘बाबा,’’ मोल्दिर म्हणाली. सासूबाईंमार्फत नव्हे, थेट. ‘‘मी तिला विचारलं, वर धोका असतो ना? ती म्हणाली, असतो. तिनं मला फसवलं नाही. मी म्हटलं, मग यंत्रं का नाही पाठवत? तर म्हणाली, यंत्राला हाडं नसतात. तिथं महिनाभरात हाडांतून जेवढं कॅल्शियम जातं तेवढं आपल्या आईंच्या वयाच्या बायकांचं वर्षभरात जातं. आता ती हाडं पुन्हा कशी भरून येतात ते डॉक्टर बघणार. आपल्या दुकानात दर गुरुवारी निम्मी रांग त्याच गोळ्यांसाठी असते.’’

काम्शातनं नकळत कमरेवर हात ठेवला.

‘‘आणि?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘आणि म्हणाली, खरं सांगायचं तर मला तिथं आवडतं. हाडांचं सगळ्यांना सांगते, हे कुणाला सांगत नाही.’’ मोल्दिरनं किटली खाली ठेवली. ‘‘मग मी विचारलं, तुमची आई काय करते, तुम्ही वर जाता तेव्हा? ती म्हणाली, टीव्ही लावत नाही. त्या दिवशी घरातले सगळे पडदे काढून धुते. मळलेले असोत नसोत. खाली आल्यावर मी फोन करते, तर विचारते, जेवलीस का?’’

तोल्किन टेबलाला न धरता खोलीभर फिरत होती आणि साखर खाली पाडत होती. साखर दरवेळी खालीच पडत होती.

सप्टेंबरात तोल्किनला समोरच्या बालवाडीत घातलं. पहिल्या दिवशी नुरझान शिफ्टला जाता जाता तिला सोडून गेला. मास्तर पेपर आणून घरात आले तर मोल्दिर स्टुलावर चढलेली, आणि घरातले एकूण एक पडदे टबात.

‘‘परवाच धुतले होते गं,’’ काम्शात म्हणाली. ‘‘मळले नव्हते.’’

मोल्दिरनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मास्तरांनी पेपर ठेवला, बाह्या दुमडल्या आणि टबाचं दुसरं टोक धरलं. पिळून, झटकून, दोघांनी ते सगळे बाल्कनीत वाळत घातले. मग सुनेनं चहा ओतला. दोनच घोट. मास्तरांनी पिऊन प्याला परत दिला, तिनं पुन्हा दोन घोट ओतले, त्यांनी पुन्हा परत दिला. दोघंही एकाच बाजूला तोंड करून बसले होते. पडदे काढल्यामुळे खिडकीतून बालवाडीचं फाटक अगदी स्वच्छ दिसत होतं.